मोरीवरची ठोक

बसा. कोट त्या खुंटीला अडकवा आणि शेगडीजवळ सरका. कॉफी आहे, ब्रँडी आहे, काय हवं ते ओतून घ्या. फक्त एक करू नका... टेबलावर बोटं वाजवू नका. रागावू नका, पाहुण्याला असं बोलू नये हे मलाही कळतं. पण का ते सांगतो, मग तुमची बोटं आपोआप खिशात जातील.

फोनवर तुम्ही विचारलंत, हिवाळ्यात वीजघराच्या मोरीवर ट्राउट मासे धरायला नेणारा वेंडल जास्कुल्स्की तो तुम्हीच का. मीच तो. उभा जन्म तेच केलं. मोरी हे आमचं आपलं नाव. कोळशाचं वीजघर सरोवराचं पाणी आत ओढायचं, त्यावर यंत्रं गार करायचं आणि तेच पाणी कोमट करून एका कालव्यातून परत बाहेर फेकायचं. जानेवारीत मिशिगन सरोवर किनाऱ्याला दगडासारखं गोठलेलं असायचं आणि मोरीच्या तोंडाशी तेवढं पाणी उघडं. उबेला बारीक मासे यायचे, त्यांच्या मागे ट्राउट, ट्राउटच्या मागे तुमच्यासारखे हौशी, आणि हौशी लोकांच्या मागे आम्ही वाटाडे. ज्याचं त्याचं पोट.

पण ऊब फुकट मिळत नाही. खाली कोमट पाणी आणि वर हाडं फोडणारी थंडी, म्हणजे वाफ आलीच. भर सकाळी स्वतःच्या होडीचं नाक दिसायचं नाही. अंधाराची भीती सगळ्यांना वाटते हो, पण मी सांगतो, पांढऱ्याची भीती वाईट. अंधारात निदान डोळे मिटता येतात.

तर त्या वाफेत एकमेकांवर आदळू नये म्हणून आमच्यात ठोक असायची. प्रत्येक वाटाड्याची आपली वस्तू, आपला ठेका. होडीच्या काठावर ती वाजवायची. मी पक्कडीने ठोकायचो, एक, मग दोन. ऑगी प्लाथ बिअरच्या बाटलीने. आणि एमेट हाऊप्ट, तो बायकोच्या स्वयंपाकघरातला सूप वाढायचा डाव उचलून आणायचा. दोन, मग एक. बारीक आवाज, घंटेसारखा लांबत जाणारा. बायको रोज बोंबलायची आणि हा रोज डाव पळवायचा. ठोक ऐकली की आपली ठोक देऊन उत्तर द्यायचं, ही रीत. न थांबता ठोक वाजायला लागली, तर समजायचं माणूस संकटात आहे. अशा वेळी जो उत्तर देईल त्यानेच जायचं आणि त्याला घरी आणायचं. मग इंजिन बिघडो नाहीतर होडीत गिऱ्हाईक ओकत बसो. उत्तर दिलं की दिलं. आणि जो बुडाला, त्याची ठोक पुन्हा कुणी वाजवायची नाही. ती त्याच्याबरोबर गेली.

एमेट गेल्या वर्षी जानेवारीत गेला. होडी सापडली, इंजिन चालू, गळाची काठी जागेवर, अर्धं सँडविच बाकावर. तो नाही आणि डावही नाही. शेरीफची माणसं म्हणाली, गार पाण्यात माणूस तळाला राहतो, पण मोरीचं पाणी कोमट आहे, तो वर येणार, वाट बघा. लोर्नाने, त्याच्या बायकोने, वाट बघितली. सबंध वर्ष. रोज सकाळी धक्क्याच्या टोकाशी येऊन उभी राहायची. आम्ही सगळ्यांनी समजावून हात टेकले. माणूस मेल्याचं दुःख कधीतरी सरतं हो, पण माणूस मिळालाच नाही त्याचं काय करायचं?

आणि मग वीजघर कायमचं बंद होणार असं ठरलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी इथेच, याच टेबलाशी पुरचुंड्या बांधत बसलो होतो. मोरीवर जायचं नव्हतंच, हाताला सवय म्हणून. माशाची अंडी चिमूटभर घ्यायची, जाळीच्या तुकड्यात ठेवायची, वर दोरा गुंडाळून गाठ मारायची. ट्राउटला याच्यासारखं आमिष नाही. प्रत्येकाचा दोरा वेगळा. माझा गुलाबी. एमेटचा हिरवा. तो डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी फिरलेली असायची. ढिगातून ओळखून काढावी अशी.

दार उघडून लोर्ना आत आली. हातात एमेटची गळाची काठी.

"मला मोरीवर ने," ती म्हणाली.

"अगं, आज? बाहेर थुंकी गोठतेय."

"दुपारी पाणी बंद करणार. मग वाफ नाही, मोरी नाही. सकाळपर्यंत सगळ्यावर बर्फाचं झाकण पडेल." ती माझ्या समोर बसली. "तो तिथेच आहे, वेंडल. झाकण पडायच्या आत मला एकदा..."

"एकदा काय?"

"मासे धरायला ने म्हणतेय ना! वाटाड्या आहेस की फौजदार?"

तिने जाळी पुढे ओढली आणि माझ्याबरोबर पुरचुंड्या बांधू लागली. एमेटला ती हिवाळाभर बांधून द्यायची, पण तिला आमच्यासारखी गाठ कधी आलीच नाही. ती दोन फासांची सुरगाठ मारायची.

"बुटाची नाडी बांधतेस का?" मी म्हणालो.

"तोही हेच म्हणायचा," ती म्हणाली आणि हसली. वर्षात पहिल्यांदा हसली. त्या हसण्यालाच मी भुललो, नाहीतर आज तुम्हाला सांगायला गोष्टच नसती.

धक्क्यावर ऑगी होता, आपली होडी गाड्यावर चढवून निघालेला. लोर्ना माझ्या ट्रकमध्येच बसलेली बघून तो माझ्या कानाशी आला.

"म्हाताऱ्या, डोकं फिरलंय का? आज तिकडे चिटपाखरू नाही. माझे गुडघे म्हणतात घरी जा, आणि माझे गुडघे माझ्यापेक्षा शहाणे आहेत."

"तासाभरात येतो."

"तिला जास्त वेळ ठेवू नको," तो म्हणाला. मग चेष्टा न करता पुढे म्हणाला, "वेंडल... इंजिन बंद करू नको." का, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्याचा ट्रक रस्त्याला लागून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. पाण्यावर आमची एकच होडी होती, हे लक्षात ठेवा.

मोरीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि वाफेने आम्हाला गिळलं. लोर्ना पुढच्या बाकावर होती, दोन हातांवर, आणि तिची फक्त लाल टोपी दिसत होती. वीजघराची घरघर छातीत ऐकू येत होती. वास तोच नेहमीचा, कोळशाचा धूर, कोमट चिखल, मेलेल्या बारक्या माशांचा. पापण्यांवर वाफ गोठत होती. लोर्नाने गळ सोडला. थोड्या वेळात एक ट्राउट लागला, चांगला हातभर. तिने तो वर घेतला, गळ काढला आणि सोडून दिला.

"वाण्याकडे मासे मिळतात," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी आले नाही."

मी गळाला नवी पुरचुंडी लावून तो पुन्हा पाण्यात सोडला, मग थर्मास उघडून तिला झाकणात कॉफी ओतून दिली. पोचा पडलेलं जुनं स्टीलचं झाकण होतं ते. ती प्यायली आणि झाकण मांडीवर ठेवून बसली.

मग तिच्या काठीची दोरी ताणली. मासा झटका देतो, पळतो. ही दोरी सावकाश निघाली, प्रवाहाच्या उलट, माणूस पाण्यातून चालेल तशी. मग थांबली. सैल पडली.

"ओढून घे," मी म्हणालो. "ओंडका असेल."

तिने दोरी गुंडाळली. गळ वर आला. गळाला पुरचुंडी होती तशीच होती, अंडीही शाबूत. लोर्नाने ती बोटांत धरली आणि माझ्यापुढे केली.

मी गळाला लावली होती ती गुलाबी दोऱ्याची. ही हिरव्या दोऱ्याची होती. गाठ उलटी फिरलेली.

मी स्वतःला म्हटलं, जुनी असेल, तळाला पडलेली, अडकून आली. पण वर्षभर पाण्यात पडलेल्या अंड्यांचा लगदा होतो हो. ही ताजी होती. टपोरी. आणि हाताला गरम लागत होती, मोरीच्या पाण्यापेक्षा गरम.

"निघू या," मी म्हणालो.

"नाही."

"लोर्ना, ऐक माझं..."

तेवढ्यात वाफेतून ठोक आली. दोन... मग एक. बारीक, लांबत जाणारी.

आणि आता चूक कुठे झाली ते सांगतो. आमच्या धंद्यातला माणूसच ती करेल. मी विचार करायच्या आत माझ्या हाताने पक्कड उचलली आणि काठावर ठोकली. एक, मग दोन. जन्मभराची सवय. कुणी शिंकलं की तोंडातून देवाचं नाव निघतं ना, तसं. आवाज गेला आणि मग मला कळलं मी कुणाला उत्तर दिलं ते.

घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"वेंडल..." ती कुजबुजली. "ते कोण होतं?"

"ऑगी असेल."

"ऑगी बाटली वाजवतो. तो माझा डाव आहे. एका बाजूने चिरलाय, म्हणून असा घुमतो."

आणि ठोक पुन्हा सुरू झाली. या वेळी थांबली नाही. दोन-एक, दोन-एक, दोन-एक... वेड्यासारखी, जीव खाऊन.

"तू उत्तर दिलंस," लोर्ना म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तू उत्तर दिलंस, आता त्याला आण. रीत आहे तुमची! आण त्याला, वेंडल, तुझ्या पाया पडते, वर्षभर तो ठोकतोय आणि कुणी..."

काय करणार होतो मी? नांगर उचलला. इंजिन चालूच होतं. आवाजाच्या रोखाने होडी हळूहळू सोडली. आम्ही पुढे जावं तशी ठोक पुढे सरकत होती, तेवढंच अंतर राखून. मग होडीच्या पोटाला करकर व्हायला लागलं. बर्फाचे पापुद्रे. आम्ही उबेतून बाहेर पडत होतो, खुल्या सरोवराकडे, जिथे वाफेआड बर्फाची धार कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. मला तेव्हा समजलं, एमेट कसा गेला असेल. त्यालाही कुणीतरी असंच पुढे पुढे नेलं असेल. त्यानेही कुणालातरी उत्तर दिलं असेल.

मी होडी वळवायला लागलो. आणि लोर्नाने माझ्या थर्मासचं झाकण उचलून काठावर आपटलं. दोन, मग एक. एमेटची ठोक. बुडालेल्याची ठोक.

"नको!" मी ओरडलो. "अगं, ती वाजवायची नसते!"

समोरची ठोक थांबली. मग उत्तर आलं. समोरून आलं, डावीकडून आलं, पाठीमागून आलं. डाव, बाटल्या, लोखंड, लाकूड, कुणाची तरी अंगठी. काही ठेके मी पोरवयात ऐकले होते, माझ्या काकाच्या होडीत, आणि ते ठोकणारे कधीच घरी आले नव्हते. काही इतके जुने की मला ओळखू येईनात. सगळीकडून, चहूबाजूंनी, वाफ भरून ठोक. आणि प्रत्येक ठोक जवळ येत होती.

वास आला. ओल्या लोकरीचा, गरम, शेगडीवर वाळत घातलेल्या स्वेटरसारखा. होडी एका अंगाला कलली, कुणीतरी काठ धरावा तशी.

लोर्ना वाकली. मला तिची टोपी खाली जाताना दिसली फक्त. "एमेट," ती म्हणत होती. "हात दे... आहे मी, आहे... किती रे गरम आहे तुझा हात..." तिचा आवाज इतका गोड झाला होता की माझ्या अंगावर काटा आला. मी बाकावरून झेप घेतली आणि तिचा पट्टा पकडला. खालून ओढ होती. मी मोठाले मासे ओढलेत, साहेब, ओढ कशी असते ते मला शिकवू नका. पण मासा सुटायला बघतो. ही ओढ धरून राहायला बघत होती.

"सोड मला, थेरड्या!" ती किंचाळली. "सोड!"

मी रडत होतो, हे सांगायची मला लाज नाही. मी तिला सोडलं नाही.

आणि वीजघराचा भोंगा वाजला. लांब, बराच वेळ. मग घरघर थांबली. जन्मल्यापासून ऐकत आलेला आवाज थांबतो तेव्हा कान दुखतात. ठोक थांबली. ओढ सुटली आणि आम्ही दोघं होडीच्या तळाशी आपटलो. डोळ्यांदेखत वाफ विरली. ऊन पडलं होतं. करडं पाणी, पुढे हाकेच्या अंतरावर बर्फाची धार, आणि दूरपर्यंत काही नाही. एक होडी नाही, एक माणूस नाही.

लोर्नाची बाही खांद्यापर्यंत भिजली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. हातमोजा नव्हता. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या घरात शिरून काही चोरलंय.

"मला ओढलंस," ती म्हणाली. "त्याचा हात माझ्या हातात होता, वेंडल. मग त्याला का नाही ओढलंस?"

मी होडी फिरवली. तिच्या दारात उतरवून दिलं तेव्हा पायरीवर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू उत्तर दिलं होतंस." माझ्या थर्मासचं झाकण तिच्या खिशातच राहिलं. मागायची हिंमत झाली नाही.

रात्रीत मोरी गोठली. त्याच आठवड्यात लोर्ना नाहीशी झाली. घराला कुलूप नाही, चुलीवर वाटाण्याचं सूप, आणि डाव अडकवायचा खिळा रिकामा होता तसाच रिकामा. शेरीफची माणसं बर्फावर कुत्री घेऊन फिरली. मोरीच्या तोंडासमोर एवढ्या थंडीत एक जागा गोठली नव्हती, होडीएवढी, आणि तिच्यातून वाफ येत होती. ते म्हणाले, खाली झरा असेल. माझ्या आजोबांपासून कुणी तिथे झरा ऐकलेला नाही.

तिथून ठोक येते. मी रोज सकाळी धक्क्यावर जातो आणि ऐकतो. आधी डाव, दोन, मग एक. त्याच्या मागून दुसरी, ठणठणीत, पोचा पडलेल्या स्टीलची. माझं झाकण मी कुठेही ओळखेन. दोघं मिळून ठोकतात, न थांबता. ऑगीला ऐकू येत नाही, किंवा नाही म्हणतो. मी हात खिशात घालून उभा असतो, मूठ आवळून. कारण हा हात माझं ऐकत नाही हो. परवा वाण्याच्या दुकानात कुणीतरी पेटीवर टकटक केलं आणि माझ्या बोटांनी फळीवर उत्तर दिलं. एक, मग दोन. म्हणून ती विनंती तुम्हाला.

आणि आज सकाळी. होडी गेले कितीतरी दिवस मागच्या छपराखाली गाड्यावर आहे, ताडपत्री बांधून, पाण्यापासून दूर. ताडपत्री मी सोडली तर पुढच्या बाकावर झाकण होतं. माझं झाकण. काठोकाठ पाण्याने भरलेलं, आणि त्या गोठवणाऱ्या थंडीत त्यातून वाफ निघत होती. तळाशी एक पुरचुंडी. हिरवा दोरा. आणि गाठ, बुटाच्या नाडीसारखी.

दोघंही आहेत तिथे. आणि उत्तर मीच दिलंय. दुसरं कुणी जाणार नाही, कुणाला जाताही येणार नाही. तिने विचारलं होतं ना, त्याला का नाही ओढलंस... आता दोघांना ओढायचंय. जमेल का, मला माहीत नाही. रडवेला चेहरा करू नका, माझ्यामागे रडायला कुणी नाही.

तेव्हा तुम्हाला मोरीवर नेता येत नाही, माफ करा. उद्या उजाडलं की मी होडी बर्फावरून ओढत त्या उघड्या पाण्यापर्यंत नेणार आहे. एक काम मात्र करा. धक्क्यावर येऊन उभे राहा. परत आलो तर कॉफी पाजीन. नाही आलो आणि वाफेतून तुम्हाला पक्कडीची ठोक ऐकू आली, एक, मग दोन, न थांबता, कितीही जीव खाऊन वाजली तरी... उत्तर देऊ नका.

आणि तोवर, मघाशीच सांगितलं ना, ती बोटं टेबलावरून खाली घ्या.